रकाना एकोणीस

हातोदच्या रस्त्यावर तिसरा गोठा.
डिसेंबर, पहाटेचे साडेपाच,
फॉर्मवर माझ्याच तोंडाची वाफ.

रकाना एक : पाण्याच्या टाकीला झाकण आहे / नाही.
रकाना सात : धारेआधी सड कशाने धुता.
रकाना बारा : सुई कधी टोचली, त्यानंतर किती दिवस
दूध वेगळं काढलं.
गोवर्धन खाती उत्तरं देतो
मास्तरांपुढे पाढे म्हणावेत तशी.
मी टिक करत जाते.
सगळं जमलं तर संघ त्याला हिरवं पान देणार.
पिशवीवर पान, पानाखाली दोन शब्द :
भरवशाचं दूध.
माझी आई लोखंडे पुलाजवळच्या दुकानातून
ते पान बघूनच पिशवी उचलते.

रकाना एकोणीसपाशी सगळेच घाईत असतात.
नर वासरं : जन्मली किती, पाजली किती, आज कुठे.
कालच्या गोठ्यात फरशी होती, पंखे होते,
म्हशींसाठी बासरी लावलेली.
चाळीस म्हशी, आणि वर्षभरात
चाळिसांना पारड्याच झाल्या म्हणे.
एकोणीसमध्ये निळ्या शाईचं
गोल, स्वच्छ शून्य.
मी खाली सही केली.

खातीच्या गोठ्यात
खुंटीवर एक रेडकू टांगलेलं.
पोटात पेंढा,
डोळ्यांच्या जागी सुतळीचे टाके,
एक कान उंदरांनी नेलेला.
रेशमबाईनं ते उतरवलं,
पदरानं धूळ झटकली, भुरीपुढे ठेवलं.

भुरीनं हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं.
मग चाटत राहिली,
पाठ, मान, नसलेला कान,
टाक्यांवरून जीभ अडखळत,
आणि तिला पान्हा फुटला.

चरवीत धारेचा आवाज
पोकळ होता, मग भरत गेला.
मी नमुना घेतला.
फॅट सात. पाणी नाही, सोडा नाही, युरिया नाही.
दुधात काहीही खोटं नव्हतं.

"हा कधी गेला?"
"सावनात." खाती माझ्याकडे न बघता
दोर गुंडाळत राहिला.
"पाड्याला पाजायचं तर विकायचं काय?
लिहा तुम्ही.
अपन झूठ नी लिखते, मैडम."

रेशमबाईनं भिंत दाखवली.
चुलीतल्या कोळशानं ओढलेल्या रेघा,
एका पाड्याची एक.
गोलातली रेघ बाजारात गेली,
पुढचं तिला ठाऊक नाही.
फुली मारलेली मेली.
गोल सात, फुल्या तीन.
एक रेघ नुसतीच उभी,
आणि ती मागच्या अंगणात
लिंबाला बांधलेली, ओल्या नाकाची,
माझ्या ओढणीचं टोक चघळू पाहणारी.
"एक सड याचा," ती हळूच म्हणाली.
"यांना नका सांगू."
खाती हसला. त्याला केव्हाचं ठाऊक होतं.

मी लिहिलं : अकरा. सात. तीन. एक.
अकरा लिहिलं की बारा गुण जातात,
शून्याला पूर्ण मिळतात.
तक्ता कुणी बनवला मला माहीत नाही,
मी दोन वर्षं तो भरते आहे.
तळाशी "शेरा" म्हणून दीड ओळ असते.
तिथे लिहिलं,
या घरची भिंत येऊन वाचावी.
मग पानं मागे उलटली,
कालच्या शून्यापाशी आले,
पेन तिथेच टेकवून बराच वेळ उभी राहिले.
शाई पसरली. शून्य आतून भरलं.

संध्याकाळी आई पिशवी कापत होती.
"तू बघून येतेस ना गं, ते गोठे?
मग चांगलंच असणार."
पातेलं गॅसवर चढलं.
रिकामी पिशवी ओट्यावर,
हिरव्या पानावर दुधाचा एक थेंब.

मी ती उचलली.
हुंगली.
थांबले.
पुन्हा हुंगली.